देवनारच्या गॅलरीतलं ऑर्किड

आमच्या सोसायटीत कुणाचं ऑर्किड आजारी पडलं की कुंडी माझ्या दारात येते. पानं पिवळी, सुरकुतलेली, मान टाकलेली. सोबतचं वाक्यही ठरलेलं: "अहो, रोज पाणी घालते, तरी असं झालं." मी पानांकडे बघत नाही. कुंडी आडवी करते, झाड अलगद बाहेर काढते आणि एकेक मूळ दोन बोटांत धरून दाबते. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं मूळ दाबलं की आतून तपकिरी पाणी सुटतं, वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. बहुतेक वेळा सगळे दोरेच निघतात. झाड तहानेनं सुरकुतलेलं असतं, कारण पाणी प्यायला मूळच शिल्लक नसतं. ती सुरकुती बघून घरातली माणसं आणखी पाणी घालत असतात.

मुंबईत ऑर्किड उन्हानं क्वचित मरतं, थंडीनं तर नाहीच. ते मरतं मुळाशी साचून राहिलेल्या ओलीनं. मीही सुरुवातीला तीन झाडं अशीच घालवली. पहिल्याच पावसाळ्यात, कुंडीत माती आणि शेणखत भरून. बाकी कोणतंही झाड आवडीनं खाईल असं ते खत होतं, पण ऑर्किडला त्यात श्वास घेता आला नाही.

आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किड्स मूळची झाडावर राहणारी. आपल्याकडे त्यांना सरसकट बांडगूळ म्हणून टाकतात, ते चूक आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मूळ खुपसून त्याचा रस घेतं. ऑर्किड नुसतं फांदीवर बसतं. पावसाचं पाणी, सालीवर साठलेला पालापाचोळा आणि हवा यांवर त्याचं भागतं. फांदीवर पाऊस कितीही पडला तरी तासाभरात पाणी निथळून वारा लागतो. या जगण्यासाठी त्याच्या मुळावर पांढऱ्या, स्पंजासारख्या मृत पेशींचा थर असतो. कोरडं असताना मूळ चांदीसारखं पांढुरकं दिसतं आणि पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. एकदा सकाळी झारी घेऊन हे नुसतं बघत उभे राहा. पाणी कधी घालायचं हे मग कुणाला विचारावं लागणार नाही. मुळं पांढरी झाली की घालायचं, हिरवी असतील तर थांबायचं.

देवनार या झाडांना मानवेल का, असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर 1927 पासूनची कचराभूमी आणि पलीकडचे कारखाने असतात. पण ऑर्किडच्या बाजूनंही इथे बरंच आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि खारफुटी, त्यामुळे हवेत दमटपणा असतो. डेंड्रोबियम, वांडा, फॅलेनॉप्सिस अशी जाड पानांची ऑर्किड्स पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात आणि दिवसा मिटून पाणी वाचवतात. आपल्या दमट रात्री त्यांना सोयीच्या. नळाला येणारं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा सात तलावांत साठलेलं पावसाचं पाणी, म्हणून मऊ. पुण्यात किंवा मराठवाड्यात बोअरच्या जड पाण्यावर ऑर्किड वाढवणाऱ्यांना आपला हेवा वाटावा. मात्र सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर जपा. खाडीकाठी बोअरला खारटपणा असू शकतो आणि क्षारांनी मुळांची टोकं जळतात. अशा घरात पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात धरून ठेवावं, निदान आठवड्यातून एकदा मुळं त्यानं धुऊन काढावीत.

पहिलं झाड डेंड्रोबियमच घ्या. लग्नाच्या मंडपात आणि दादरच्या फुलबाजारात जी जांभळी-पांढरी ऑर्किडची दांडी दिसते, ती याच कुळातली. उसासारख्या कांड्या, त्यांत साठवलेलं पाणी, सोसण्याची ताकद. मुंबईची उष्णता त्याला आवडते. वर्षातून दोनतीनदा फुलतं. दुकानातली रुंद, चकचकीत पानांची, फुलपाखरासारख्या फुलांची फॅलेनॉप्सिस दिसायला जास्त देखणी, पण उघड्यावर पावसाळ्यात तिला सांभाळणं नवशिक्याचं काम नाही. वांडाला उघड्या मुळांनी लाकडी टोपलीत टांगून रोज भिजवावं लागतं. चार दिवस गावाला जाणाऱ्या घरात ती टिकत नाही. गच्चीवर दिवसभर ऊन असेल तर पेन्सिल वांडा लावा. पानं पेन्सिलीसारखी गोल, झाड काठीच्या आधारानं उंच जातं आणि भर उन्हातच फुलतं. सिंगापूरनं 1981 साली जे राष्ट्रीय फूल म्हणून निवडलं ते याच जातकुळीचं आहे. आणि ज्यांना मातीची कुंडी सोडवत नाही त्यांच्यासाठी स्पॅथोग्लॉटिस. ते जमिनीतलंच ऑर्किड, भुसभुशीत मातीत बागेच्या कडेला सुखानं वाढतं.

झाड फुलं बघून घेऊ नका, मुळं बघून घ्या. कुंडीच्या भोकांतून, कडेवरून टणक पांढरी मुळं डोकावत असली पाहिजेत आणि टोकं हिरवी किंवा लालसर ओली दिसली पाहिजेत. धरून हलवलं तर झाड डुगडुगता कामा नये. जून ते ऑगस्ट खरेदी टाळा. पाऊस सरल्यावर किंवा फेब्रुवारीत घेतलेलं झाड पुढच्या पावसाआधी मुळं धरतं. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महापालिकेचं उद्यान खातं राणीच्या बागेत फुलांचं प्रदर्शन भरवतं, तिथे एक फेरी मारून चांगलं झाड कसं दिसतं ते डोळ्यांत साठवून या. घरी आणलेलं झाड पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. नर्सरीतून पिठ्या ढेकूण फुकट येतो.

नर्सरीतून आलेल्या बहुतेक कुंड्यांत मुळांभोवती शेवाळाचा किंवा काथ्याच्या भुशाचा घट्ट गोळा असतो. हा गोळा प्रवासासाठी असतो, मुंबईच्या पावसासाठी नसतो. फुलं गळली की, आणि काही झालं तरी मे संपायच्या आत, तो काढून टाका. झाड अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा, म्हणजे मुळं लवचीक होतात. मग चिमटीचिमटीनं शेवाळ ओढा. घाई केली तर मुळं कडकन मोडतात. मधोमध बहुतेक वेळा ओला, काळपट, आंबूस वासाचा भाग सापडतो आणि तिथली मुळं गेलेली असतात. ती ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीनं कापा आणि कापल्या जागी स्वयंपाकघरातली दालचिनी पूड लावा. बुरशीला ती आवरते. जिवंत मुळाला मात्र पूड लागू देऊ नका, ते सुकतं.

नवी कुंडी मातीची, कडेला भोकं असलेली आणि लहान घ्या. मोठ्या कुंडीत झाड मोठं होईल हा समज इथे उपयोगाचा नाही. मोठी कुंडी फक्त जास्त वेळ ओली राहते. डेंड्रोबियमच्या कांड्यांभोवती दोन बोटं जागा उरली की पुरे. भरायला लाकडी कोळसा आणि विटांचे किंवा जुन्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे. कोळसा वखारीत मिळतो, आमचा इस्त्रीवाला सांगितलं की किलोभर आणून देतो. शेगडीसाठी दाबून केलेल्या कोळशाच्या विटा घेऊ नका, त्यात चिकटवण्याचे पदार्थ असतात. पुष्कळजण नारळाचं सोडण वापरतात. ते वाईट नाही, आठवडाभर पाणी बदलत भिजवून त्याचा तांबडा रंग आणि मीठ काढून टाकलं तर उन्हाळ्यात ओल छान धरतं. पण जुलैत तेच सोडण चिंब होऊन बसतं. माझी पद्धत अशी: ऑक्टोबर ते मे कुंडीच्या वरच्या थरात सोडणाचे चार तुकडे, आणि मेच्या शेवटी ते उचलून बाजूला. बसवलेलं झाड काठीला किंवा तारेला घट्ट बांधा. डुगडुगणाऱ्या झाडाची नवी मुळं टोकाशी घासून मरतात, मग ते वर्ष वाया जातं. कुंडीखाली बशी ठेवू नका. ऑर्किडला ती घातक, आणि पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं डासांच्या अळ्या शोधायला येतात तेव्हा त्यांचं बोट आधी त्या बशीकडेच जातं.

आता उजेड. पूर्वेची गॅलरी सगळ्यात उत्तम, सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत थेट चालतं. पश्चिमेला असाल तर दुपारसाठी पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा. उत्तर-दक्षिण गॅलऱ्यांचा हिशेब मात्र मुंबईकरांनी नीट समजून घ्यावा. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून ढग नसले तर जूनच्या सुरुवातीला उत्तरेच्या गॅलरीतही ऊन शिरतं. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आतल्या भिंतीला टेकतं. एकाच कठड्यावर वर्षभर ठेवलेलं झाड म्हणूनच मध्येच भाजतं किंवा मध्येच रुसतं. दर ऋतूत कुंडी हातभर पुढे-मागे करायची. दुपारी बारा वाजता पानांच्या वर फूटभर उंचीवर हात धरा. खाली सावली पडली पाहिजे, पण तिच्या कडा पुसट हव्यात. कडा धारदार दिसल्या तर ऊन जास्त आहे. सावलीच पडली नाही तर फुलांची आशा करू नका. पानंही सांगतात. गडद, मऊ, लांबलचक हिरवं पान दिसायला छान असलं तरी ते उजेडाला भुकेलेलं असतं. पोपटीकडे झुकलेलं, ताठ पान फुलाच्या वाटेवर असतं.

ग्रिलबाहेर कुंडी टांगणार असाल तर दुहेरी तारेनं बांधा. पावसाळी वाऱ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर कुंडी पडणं परवडणारं नाही. कबुतरांसाठी जाळी हवीच. फुलाची कोवळी दांडी मोडायला त्यांना एक फडफड पुरते.

पाणी सकाळी, सात-आठच्या सुमारास, भोकांतून धो धो वाहून जाईल इतकं. चमच्या-चमच्यानं घातलेलं पाणी कुचकामी. एप्रिल-मेमध्ये कोळशातल्या डेंड्रोबियमला रोज, वांडाला दोनदा. थंडीत दोन-तीन दिवसांआड. सकाळीच घालायचं कारण हे की संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्या कोरड्या झाल्या पाहिजेत.

सगळी खरी परीक्षा मात्र पावसाळ्याची. मुंबईत वर्षाचा सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतांश चार महिन्यांत कोसळतो, आणि ऑर्किडच्या वाढीचा जोमही याच चार महिन्यांत असतो. म्हणून त्यांना घाबरून घरात घेऊ नका. डेंड्रोबियम आणि वांडा उघड्या पावसात राहू शकतात, पण मुळाशी फक्त कोळसा-वीट हवी, दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर हवं आणि वारा खेळता हवा. वारा बंद असलेल्या कोपऱ्यात पंधरा दिवसांची झड झाडाला पुरती संपवते. डेंड्रोबियमच्या नव्या कोंबाची पानं वाटीसारखी उमलतात आणि त्या वाटीत पाणी साचलं की कोंब काळा पडून आतूनच सडतो. सलग पाऊस असेल तेव्हा रोज एक फेरी मारायची, वाटीतलं पाणी कापसाच्या बोळ्यानं टिपायचं. मला यात दहा मिनिटं जातात आणि दिवसातली ती मला सगळ्यात आवडती दहा मिनिटं आहेत. फॅलेनॉप्सिस मात्र छज्ज्याखाली, तिरकी टांगून ठेवा, म्हणजे मधल्या पानांत थेंब थांबणार नाही. पानावर काळा, पाणचट डाग वाढताना दिसला तर वाट बघू नका. डागाच्या पुढे बोटभर निरोगी भाग घेऊन कापा, पाणी दोन दिवस बंद ठेवा. तांब्याची बुरशीनाशकं डेंड्रोबियमवर मारू नका, त्याला ती सोसत नाहीत.

सोसायटीच्या आवारात आंबा, फणस किंवा नारळ असेल तर एखादं झाड त्यावर चढवून बघा. हे करायला जूनचा दुसरा पंधरवडा योग्य, पावसानं मुळं आपोआप साल धरतात. बुंध्यावर, डोक्याच्या उंचीला, पूर्वेच्या अंगाला झाड टेकवा आणि सुती पट्टीनं किंवा काथ्यानं बांधा. खिळा मारू नका, तारेनं आवळू नका. साल खडबडीत हवी. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, तिथे मूळ टिकत नाही. आडव्या फांदीपेक्षा बुंधा बरा, कारण पावसाआधीच्या छाटणीत फांदी कधी जाईल याचा नेम नसतो. वर्षभरात मुळं बुंध्याला विळखा घालतात आणि मग उन्हाळ्यातलं पाणी सोडलं तर त्या झाडाला तुमची फारशी गरज उरत नाही.

खताचं थोडक्यात सांगते. पाण्यात विरघळणारं 19:19:19, एक लिटरला एक ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम पाव भाग, आठवड्यातून एकदा. आधी साधं पाणी, मग खत. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं साठलेले क्षार धुऊन टाका. तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं यांतलं काही घालू नका. कोळशाच्या फटींत ते कुजतं, मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकूण पाठीवर घेऊन येतात. पिठ्या दिसला तर कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढा. नंतर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, असं आठवड्याच्या अंतरानं तीनदा, संध्याकाळी. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, त्याला दुसरा सोपा उपाय नाही.

फुलं गेली की डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं झडलेल्या कांड्या लोक साफसफाई म्हणून कापून टाकतात. कृपा करून कापू नका. तो झाडाचा डबा आहे, नव्या कोंबाला त्यातूनच खाऊ मिळतो आणि कित्येकदा त्याच वाळकुट्या कांडीच्या टोकाला पुन्हा फुलं येतात. पूर्ण तपकिरी, पोकळ झाली तरच काढा. कांडीवर मुळांसकट छोटं पिल्लू आलं तर मुळं दोन इंचांची झाल्यावर वेगळं करा. फॅलेनॉप्सिसचं गणित निराळं. तिला दांडी काढायला काही आठवडे गार रात्री लागतात. डिसेंबर-जानेवारीत आपला पारा सोळा-अठरापर्यंत उतरतो, तेव्हा तिला बंद घरात न ठेवता गॅलरीतच राहू द्या.

देवनारकरांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. काहीही जळताना धुरात इथिलीन वायू असतो, तोच वायू केळी पिकवतो. ऑर्किडच्या कळ्या त्याला फार हळव्या. उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात आणि आपण पाण्याला दोष देत बसतो. जानेवारी 2016 मध्ये कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. तशी मोठी आग रोज नसते, पण कोपऱ्यावर पाला किंवा टायर जळतच असतात. कळ्यांवर आलेलं झाड अशा दिवशी खिडकीआड आत घ्या, फळांच्या टोपलीपासून लांब ठेवा, आणि धूर ओसरला की पानं दोन्ही बाजूंनी पाण्यानं धुवा. बांधकामांची धूळ तर रोजचीच आहे. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानं पुसली तर त्यांना उजेड मिळतो आणि कीडही आधी दिसते. आवारात पाला जाळणाऱ्या माळीदादांना थांबवता आलं तर झाडांइतकंच आपल्या मुलांचंही भलं होईल.

हे सगळं जमायला लागलं की मन आपल्या सह्याद्रीतल्या ऑर्किडकडे वळतं. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांनी 1966 साली 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या पुस्तकात जुन्या मुंबई इलाख्यातल्या ऑर्किड्सची नोंद केली, इतका हा ठेवा जवळचा आहे. घाटातून येताना कुणी सालीसकट ओरबाडलेली सीतेची वेणी नावाची आमरी आणून देतो, कधी ती रस्त्याकडेलाही विकायला असते. ती घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीएवढं असतं, त्यात स्वतःचा खाऊ नसतो, ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं, आणि रोपाला फुलावर यायला वर्षं लागतात. नर्सरीतलं डेंड्रोबियम प्रयोगशाळेतल्या बाटलीत हजारांनी तयार होतं. जंगलातलं झाड एकदा गेलं की त्या फांदीवर दुसरं येईलच असं नाही. सीतेची वेणी मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर फुलते. कोकणात आंब्याच्या, ऐनाच्या बुंध्यावर ती रस्त्यावरून जातानाही दिसते. गाडी थांबवा, खाली उतरा आणि तिथेच बघा.